पडद्यावरील दुःख आणि त्याचे धनी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही किमान वेतनावर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलावे. आम्ही चित्रपटातील अभिनयावर बोलतो असे कळविले, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "दादा, तुमचा आणि नटनट्यांचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर म्हणूनच आज येथे उभे आहोत.

आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. वडील यंत्रमागावर होते. आम्हीही यंत्रमागावर लागलो आणि तेथून युनियनच्या कचेरीत आलो. वाचन जे काही झाले, ते नगर वाचनालयाच्या कृपेने, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. परंतु पस्तीस वर्षे आम्ही एकच काम करीत आलो आहोत, आणि ते म्हणजे एका माणसाचे दुःख दुसऱ्या माणसांना सांगणे. ज्याची बोटे यंत्रात गेली त्याची हकीकत न्यायालयात सांगावयाची; ज्याला कामावरून कमी केले त्याची हकीकत गेटसभेत सांगावयाची. नटाचा धंदा याहून फारसा निराळा नाही. तोही दुसऱ्याचे दुःख आपल्या तोंडाने सांगतो आणि त्याबद्दल टाळ्या व मोबदला घेतो. तेव्हा त्याला आणि आम्हांला एकच प्रश्न विचारता येतो. हे दुःख ज्याचे आहे, त्या धन्याला तुम्ही सांगितलेली गोष्ट ऐकून ती आपली वाटेल काय?

अमका नट फार संवेदनशील आहे, कारण त्याच्या डोळ्यांना पटकन पाणी येते, असे आपण नेहमी ऐकतो. डोळ्यांना पाणी येणे याला आम्ही हळवेपणा म्हणू. हळवेपणा वाईट नव्हे. पण हळवा मनुष्य बहुधा स्वतःच्याच मनाकडे पाहत असतो. संवेदना म्हणजे दुसऱ्याकडे पाहणे, आणि जे दिसले त्यात आपल्या पदरचे काही न मिसळणे. आपल्या चित्रपटांनी ही दुसरी गोष्ट कशी शिकून घेतली, त्याची थोडी हकीकत आज सांगावयाची आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या उपाहारगृहातील स्वयंपाक्याला लुगडे नेसविले गेले. तारामतीचे दुःख केवढे! राज्य गेले, नवरा गेला, पोटचे पोर गेले. ते सर्व एका पुरुषाने, शब्दावाचून, हातवाऱ्यांनी आणि चेहऱ्याने दाखवावयाचे. कॅमेरा बहुधा एका जागी दूर उभा असे, जणू नाटकगृहातील एखादा प्रेक्षकच. नटांपुढे नमुना होता तो रंगभूमीचा. त्या रंगभूमीवर गणपतराव जोश्यांसारखे नट असे होते की, त्यांचा हॅम्लेट पाहिल्याचे लोक आयुष्यभर सांगत राहिले. परंतु नाटकातील दुःखाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे लागते. त्यामुळे ते मोठे करून सांगणे भाग पडते. पडद्यावरचे दुःखही आरंभी असे मोठे करूनच आले, यात नवल नाही. शिवाय ते देवादिकांचे आणि राजेराण्यांचे होते. आपली गोष्ट बरोबर सांगितली काय, असे हरिश्चंद्राला कोण विचारणार?

ज्याला असे विचारता येईल, असा मनुष्य आमच्या मते पडद्यावर आला तो १९२५ साली, कोल्हापुरात. बाबूराव पेंटर हे मूळचे नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणारे कलावंत. सुतारकाम, मूर्तिकाम, यंत्रकाम सर्व हाताला अवगत. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने त्या वर्षी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरि आपटे यांची. शेतकऱ्याची जमीन सावकार कागदपत्रांच्या जोरावर घशात घालतो आणि तो शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती शांताराम वणकुद्रे यांनी; पुढे सारा देश त्यांना व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागला. या गोष्टीतल्या माणसाला मुकुट नव्हता, आणि त्याच्यासारखी माणसे त्या दिवशी तिकीट काढून थिएटरात बसलेली असण्याचा संभव होता. शेतकरी नांगर कसा धरतो, कागदावर अंगठा उठविताना तो कोठे पाहतो, हे ठाऊक असलेला प्रेक्षक समोर आला की नटाला खोटे वागणे अवघड होते.

तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. पेंटरांनी १९३६ साली तीच कथा बोलपट म्हणून पुन्हा काढली. त्यातील एका दृश्याची आठवण चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे नमूद करून ठेवली आहे. अंधूक उजेडात दिसणारी एक उदास झोपडी, आणि एका कुत्र्याचे रडणे. दृश्य एवढेच. कोणी ऊर बडवून घेत नाही, कोणी कपाळ पिटीत नाही. आत काय झाले असेल ते प्रेक्षकाने आपल्या मनाशी जाणावयाचे. गोष्ट सांगणाऱ्याने रडण्याचे काम स्वतः न करता ऐकणाऱ्यावर सोपविले. हातात बोलपटाचे नवे यंत्र आलेले असताना, आणि सगळा धंदा गाण्यांच्या व भाषणांच्या मागे लागलेला असताना, या चित्रकाराने गप्प राहण्याचे मोल ओळखले.

बोलपट आला तो १४ मार्च १९३१ रोजी, 'आलम आरा' घेऊन. थिएटर गिरगावातलेच, मॅजेस्टिक. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. पण नटांना आवाज फेकण्याची सवय, आणि मायक्रोफोन तर हाताच्या अंतरावर! शेवटच्या रांगेसाठी कमावलेला आवाज आता कानाशी ओरडल्यासारखा वाटू लागला. ही अडचण रंगभूमीलाही जाणवू लागली होती. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि घरात बोलावे तसे बोलण्याचा प्रयत्न झाला. त्या मंडळींत केशवराव दाते होते. महाराष्ट्र नाटक मंडळीत तयार झालेला हा नट. त्यांनीच १९३७ साली प्रभातच्या 'कुंकू'मध्ये काकासाहेब हा म्हातारा वकील उभा केला.

'कुंकू'ची कथा पुन्हा नारायण हरि आपट्यांचीच, आणि दिग्दर्शक होते बारा वर्षांपूर्वी 'सावकारी पाशा'त शेतकरी झालेले शांताराम. नीरा नावाच्या मुलीचे लग्न फसवून एका वयस्क विधुराशी लावले जाते. ती त्याला नवरा मानावयास नकार देते. शांता आपट्यांची नीरा अन्यायापुढे ताठ उभी राहते. या मुलीबद्दल प्रेक्षकाच्या मनात कळवळा उत्पन्न करणे कठीण नव्हते. कठीण काम होते ते दात्यांचे. काकासाहेब अपराधी आहे. आणि तरीही त्याच्या अपराधाला माफी न देता त्याचे दुःख दाखवावयाचे होते. दात्यांनी ते आवाज चढवून दाखविले नाही. या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक, एवढ्यावर सारे चालते. आरसा फुटतो आणि त्याच्या तुकड्यांतून म्हाताऱ्याचे तोंड त्यालाच वेडावू लागते. आपण काय केले हे त्या माणसाला हळूहळू कळत जाते, आणि ते कळणे त्याला पेलवत नाही. वाजंत्री नसल्यामुळे आता रडा, आता चिडा, असे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. ज्याच्यावर आपला राग आहे त्याचेही मन ओळखता येणे, ही संवेदनेची खरी परीक्षा होय. मालकांशी वाटाघाटी करताना या शिकवणीचा आम्हांला पुष्कळ उपयोग झाला, हे येथे कबूल केले पाहिजे.

आता थोडे देशाबाहेर जाऊ, कारण पुढची पायरी तेथे घडली. १९४८ साली इटलीत व्हित्तोरिओ द सिका यांनी 'बायसिकल थीव्हज' या नावाने जगभर गाजलेला चित्रपट काढला. बेकार मजुराला काम मिळते, कामासाठी सायकल हवी, ती सायकल चोरीस जाते, आणि बाप व लहान मुलगा रोमभर ती शोधीत हिंडतात. गोष्ट इतकीच आहे. एका अमेरिकन निर्मात्याने नायकाच्या भूमिकेसाठी केरी ग्रँट या नामांकित नटाचे नाव सुचविले होते. द सिकांनी ते नाकारले आणि लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातील कामगाराला घेतले. त्याला अभिनय येत नव्हता. पण मजूर चालतो कसा, रांगेत उभा राहतो कसा, हे त्याला शिकवावे लागले नाही. जगाने त्याचा चेहरा डोक्यावर घेतला. पुढे काय झाले? तो कारखान्यात परत गेला, काही काळाने कामगारकपातीत त्याची नोकरी गेली, आणि चित्रपटातही त्याला धड काम मिळाले नाही. पडद्यावर ज्याने बेकाराचे दुःख दाखविले, तो घरी येऊन बेकार झाला. दुःखाचा धनी गोष्टीत आला, पण गोष्टीचा धनी काही तो झाला नाही.

जानेवारी १९५२ मध्ये आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईस भरला. त्यात हा चित्रपट दाखविला गेला आणि तो पाहणाऱ्यांत बिमल रॉय होते. त्यांनी १९५३ साली 'दो बीघा ज़मीन' काढला. शंभू महातो या शेतकऱ्याची दोन बिघे जमीन जमीनदाराला गिरणीसाठी हवी असते. शंभूच्या हिशेबाने कर्ज ६५ रुपये. जमीनदाराच्या वहीत ते २३५ निघते. त्याने घातलेली वेठ हिशेबात धरलेलीच नसते. न्यायालय तीन महिन्यांची मुदत देते. शंभू कोलकात्यास जाऊन हातरिक्षा ओढू लागतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात सांगितली गेलेली गोष्टच जणू बंगालची वेशभूषा करून परत आली होती. कागद, कर्ज, शहर, मजुरी. आपल्या देशाच्या शेतकऱ्याचा रस्ताच तो आहे.

शंभू झाले बलराज साहनी. त्यांचा जन्म १ मे १९१३चा, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे येण्याच्या दोन दिवस आधीचा, आणि तोही कामगारदिनी! आमच्यासारख्याला हा योगायोग आवडणारच. पण मनुष्य मजूर नव्हे. रावळपिंडीच्या खात्यापित्या घरातला, लाहोरास इंग्रजीत एम.ए. झालेला, शांतिनिकेतनात शिकविलेला, महायुद्धाच्या काळात लंडनला बीबीसीवर बोललेला. चळवळीत पडून तुरुंगातही जाऊन आला होता. भूमिकेसाठी ते प्रथम भेटावयास गेले ते उत्तम शिवलेला सूट घालून, आणि बिमल रॉय निराश झाले. आपल्या गोष्टीतला मनुष्य असा नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पूर्वी 'धरती के लाल'मध्ये साहनींनी दुष्काळातील शेतकरी केला होता, हे कळल्यावर गाडी पुढे सरकली.

पुढचे साहनींनी आपल्या चित्रपटविषयक आत्मकथेत लिहून ठेवले आहे. मुंबईत जोगेश्वरीला गाईम्हशी पाळणाऱ्या उत्तरेकडील भय्या मंडळींच्या वस्तीत ते जाऊन बसत. ती माणसे कशी बसतात, कशी उठतात, काय खातात, डोक्याला पंचा कसा गुंडाळतात, ते पाहत. मग कोलकात्यास जाऊन खरोखरीची रिक्षा ओढली. एवढे करूनही आपल्याला हे साधत नाही असे वाटून ते खचून बसले होते. तेव्हा एक मध्यमवयीन रिक्षावाला जवळ आला आणि येथे काय चालले आहे म्हणून विचारू लागला. साहनींनी त्याला चित्रपटाची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याचीही बिहारमध्ये दोन बिघे जमीन होती आणि ती जमीनदाराकडे गहाण पडलेली होती. ती सोडविण्यासाठी तो पंधरा वर्षे रिक्षा ओढीत होता, आणि आता सुटेल अशी आशा उरली नव्हती. ही तर माझीच गोष्ट, असे पुटपुटत तो निघून गेला.

साहनी लिहितात त्याचा आशय असा की, त्यानंतर त्यांनी अभिनयाविषयी वाचलेले सारे शास्त्र बाजूस ठेवले. या माणसाची गोष्ट जगाला सांगण्याचे काम आपल्यावर आले आहे, एवढेच मनात धरले. श्रोतेहो, या प्रसंगात रडले कोण, ते पाहा. रडला तो रिक्षावाला. आणि पडद्यावर शंभू रडत नाही, तो धावतो. पैसे वाढवून देऊ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापायी रिक्षा पळवितो, आणि चाक निखळून कोसळतो. शेवटी आपल्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या कुंपणाशी येऊन तो मूठभर माती उचलतो, आणि पहारेकरी तीही टाकावयास लावतो. हाताची ती मूठ उघडते, तेवढ्यात सर्व आले.

त्याच १९५३ साली आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' आला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याने मिळविले. साने गुरुजींनी मूळ पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. गुरुजींना कित्येकांनी रडवे म्हणून हिणविले. परंतु अमळनेरच्या गिरणीकामगारांत आणि खानदेशच्या शेतकऱ्यांत वावरलेला तो मनुष्य होता. त्यांच्या आईची कोणती गोष्ट घरोघरी राहिली आहे? आंघोळीनंतर श्याम ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून हट्ट धरतो आणि आई आपले ओचे धोंड्यावर पसरते, ती. तेथे आई रडत नाही. ती आपले नेसूचे वस्त्र धोंड्यावर पसरते आणि तळव्यांसारखेच मनही घाण होऊ न देण्यास सांगते. वाचक रडतो तो त्या हाताच्या कृतीने.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय वरचे सर्व बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही.

'दो बीघा ज़मीन' आम्ही सतरा-अठरा वर्षांचे असताना शेजाऱ्याच्या घरी दूरदर्शनवर पाहिला. रडलो, आणि त्यावरून धडा घेतला तो उलटाच. लोकांना रडविता आले म्हणजे काम झाले, असे आम्हांला वाटले. पुढे युनियनमध्ये आल्यावर आमच्या भाषणांची ख्याती झाली ती त्यामुळेच. आम्ही उभे राहिलो की बायका पदर डोळ्यांना लावीत.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात एका शेडमध्ये विजेचा धक्का बसून एक मागवाला गेला. मालकाने हात वर केले. हजेरीपटावर नाव नव्हते. हा मनुष्य आमचा कामगारच नव्हे, सहज कोणाला भेटावयास आला होता, असे तो म्हणू लागला. आम्ही निषेधाची सभा घेतली. त्या दिवशी आम्ही असे बोललो की, सभा हुंदके देऊ लागली. मरताना त्याने मुलींची नावे घेतली, असे आम्ही सांगितले. ते आम्हांला कोणी सांगितलेले नव्हते. आमच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. झोळी फिरली, पैसे चांगले जमले.

दुसऱ्या दिवशी ते पैसे घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाई चुलीपुढे होत्या. पैसे मोजून घेतले, देवाजवळ ठेवले, आणि म्हणाल्या, "दादा, भाषान ब्येस झालं. खरं तुमी सांगितलासा त्यो मानूस आमच्या मालकांसारका न्हवता."

आम्ही चरकलो. मग कसे होते, असे विचारले. असे विचारण्याची आमची ती पहिलीच वेळ. बाईंनी सांगितले, ते घरात ओरडूनच बोलत. बारा बारा तास मागांच्या खडखडाटात राहून कान बधिर झालेले. साधे पाणी मागायचे तरी गल्लीला ऐकू जाई. मुली हसत. रोज रात्री त्यांच्या डोक्यातली, कानातली रुई त्या ओल्या फडक्याने पुसून काढीत. "आता पोरींस्नी कळंना झालंय, घर येवढं गप का झालंय. थाकटी झोपंना. गपगार घरात तिला झोपच लागंना."

श्रोतेहो, आम्ही तासभर बोललो होतो आणि त्यात हा मनुष्य कोठेच नव्हता. त्याच्या जागी आम्ही एक आदर्श मरणारा मजूर उभा केला होता, आणि त्याच्यासाठी, खरे म्हणजे आमच्या वाणीसाठी, लोकांनी अश्रू ढाळले होते. विधवेच्या पुढ्यात तिच्या नवऱ्याला आम्ही दुसऱ्यांदा नाहीसा केला. आमच्या भागात बायका नवऱ्याला मालक म्हणतात, जुन्या भाषेत धनी. त्या घराचे दुःख त्या बाईच्या मालकीचे होते, आणि तिला न विचारता आम्ही ते बाजारात आणले होते.

नुकसानभरपाईचा अर्ज आम्ही केलाच होता. सुनावणीच्या वेळी आम्ही वकिलांना विनंती केली की, बाईंना मोकळेपणे बोलू द्यावे. समोरच्या वकिलांनी विचारले, तुमचा नवरा तेथे कामाला होता याला पुरावा काय? बाईंनी डोळ्यांत टिपूस न आणता सांगितले, कोणत्या पाळीला डबा किती वाजता जाई. पाळी बदलली की डब्यात भाकरी किती लागे. रात्री डोक्यातून निघणारी रुई पांढरी असे की रंगीत, आणि त्या महिन्यात त्या शेडवर रंगीत सूत चालू असल्यामुळे ती निळी निघे. न्यायाधीशांनी लिहिणे थांबवून वर पाहिले. निकाल लागावयास चार वर्षे गेली, पण तो बाईंच्या बाजूने लागला. त्यात आमच्या भाषणाचा वाटा शून्य होता. वाटा होता तो निळ्या रुईचा.

साहनींची आत्मकथा आमच्या हाती पडली ती त्यानंतर. जोगेश्वरीच्या वस्तीत जाऊन बसणारा तो एम.ए. झालेला नट वाचून आम्हांला लाज वाटली. ज्यांच्यात आम्ही जन्मलो, त्यांच्याकडे आम्ही इतके निरखून पाहिले नव्हते. आपण त्यांच्यातलेच आहोत, मग पाहावयाचे काय, अशी आमची घमेंड होती.

शेवटी साहनींच्याच शेवटच्या भूमिकेविषयी सांगून आटोपतो. एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'मध्ये ते सलीम मिर्झा झाले. फाळणीनंतर आग्र्यात मागे राहिलेला हा जोड्यांचा कारखानदार. नातेवाईक एकेक करून निघून जातात, धंदा बुडत जातो, घर सुटते, आणि अखेरीस तरुण मुलगी जीव देते. मुलीच्या प्रेतापुढे सलीम मिर्झा हंबरडा फोडीत नाही. पाहत राहतो, तोंडातून शब्द फुटत नाही. साहनींनी स्वतःची मुलगी १९७२ साली गमावली होती. जो मनुष्य पडद्यावर हवे तेवढे रडला असता तरी कोणी खोटे म्हटले नसते, त्याने रडणे आवरले. ते दुःख सलीम मिर्झाचे होते. त्याच्या जागी साहनींनी आपले दुःख ठेवले नाही, पण त्याच्या पाठीशी ते उभे राहिले असले पाहिजे. या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचे काम संपल्यावर दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी ते वारले. चित्रपट लोकांपुढे आला तो सेन्सॉरची वाट पाहून, १९७४ साली.

१९१३ पासून १९७३ पर्यंत साठ वर्षे होतात. मोठ्या हातवाऱ्यांपासून बंद ओठांपर्यंतचा हा प्रवास तंत्राने सोपा केला, हे खरे. कॅमेरा जवळ आला, मायक्रोफोन जवळ आला. पण यंत्र जवळ आल्याने मनुष्य जवळ येतोच असे नाही. आज तर कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. रस्त्यात अपघात झाला की मदतीच्या हातांपेक्षा चित्र घेणारे हात अधिक दिसतात. त्यावर दुःखी वाजंत्री लावून तो देखावा लोकांत फिरतो, लोक डोळे पुसतात आणि पुढचा देखावा पाहतात. जो पडला, त्याचे नाव त्यांतल्या किती जणांना ठाऊक असते?

आम्ही आता म्हातारपणाकडे झुकलो आहोत. भाषणे अजून करतो, पण पूर्वीसारखी ख्याती राहिली नाही. आमच्या सभेत आताशा कोणी फारसे रडत नाही. ज्या घराविषयी बोलावयाचे त्या घरी आधी जाऊन बसतो. घरचा मनुष्य कसा होता, काय खाई, कसा बोले, ते ऐकून घेतो, आणि जे सांगू नका म्हणतात ते सांगत नाही. सभा संपली की त्या घरच्यांना गाठून विचारतो, "आमच्या बोलण्यात तुमचं माणूस दिसलं का?"

कधी ते हो म्हणतात. कधी नुसते हसून, "थोडं थोडं," असे म्हणतात. थोडे थोडे दिसले, तरी आम्ही तो दिवस चांगला गेला असे समजतो.